जबड्याला तारा बांधल्यावर काय खायचं? सहा आठवड्यांच्या पातळ आहाराची घरची तयारी

दुचाकीवरून पडून खालच्या जबड्याचं हाड मोडलं की सर्जन दोन गोष्टी करतात. मोडलेल्या जागी टायटॅनियमची छोटी प्लेट स्क्रूने बसवतात, किंवा वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून तोंड बंद ठेवतात. कधी दोन्ही करावं लागतं. तारा साधारण 4 ते 6 आठवडे राहतात. पुढे आलेला किंवा मागे गेलेला जबडा जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तारांऐवजी बहुतेक वेळा रबर असतात, पण चावायची मनाई तशीच असते. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘लिक्विड डाएट’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा रोजचा अर्थ घरच्यांनी लावायचा.

माझ्या धाकट्या भावाचा जबडा बांधलेला असताना त्याचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. तेव्हापासून नात्यागोत्यात, ओळखीत कुणाला असं झालं की फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, डाळीचं पाणी देतोय, चालेल ना?” चालेल, पण त्यावर माणूस उभा राहणार नाही. वरणाच्या वरवरच्या पाण्यात डाळ नसतेच, ती तळाशी बसलेली असते. 200 मिली नारळपाण्यात 40 च्या आसपास कॅलरी असतात. भाताच्या निवळ पेजेचीही तीच गत. पोट तट्ट भरतं, तासाभरात पुन्हा भूक लागते, आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस आरशासमोर उभा राहून गालफडं चाचपतो. जो प्रत्येक कप पोटात जाणार आहे त्यात पूर्ण जेवण विरघळलेलं असलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी सर्जनना विचारून घ्या

घरी यायच्या आधी चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. पातळ आहार किती दिवस? मऊ अन्न कधीपासून? स्ट्रॉ वापरायची का? (तोंडात टाके असताना ओढून पिण्याने जखमेवर ताण येतो, म्हणून ‘हो’ म्हणेपर्यंत स्ट्रॉ नको.) आणि सर्वांत महत्त्वाचं: उलटी झाली तर कोणत्या तारा कापायच्या? हे त्यांच्याकडून बोट ठेवून दाखवून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

तार कापायचा कटर उशाशी, हात पोहोचेल तिथे असला पाहिजे. रुग्ण बाहेर पडला तर खिशात किंवा पिशवीत. रबर असतील तर छोटी कात्री. घरातल्या निदान दोघांना ते वापरता आलं पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक उलट्या तारा न कापताच निभावतात, कारण पोटात फक्त पातळच असतं. ताबडतोब उठून बसायचं, पुढे वाकायचं, मान खाली घालायची, गाल बोटांनी बाहेर ओढायचे; दातांच्या फटींतून आणि गालातून सगळं बाहेर येतं. आडवं मात्र अजिबात राहायचं नाही. श्वास अडकतोय असं वाटलं तर विचार करत बसू नका: तारा कापा, 108 ला फोन करा, मग सर्जनना कळवा. तारा पुन्हा बांधता येतात. मळमळ व्हायला लागली की लगेच घ्यायचं औषध आधीच लिहून घ्या. तारा असेपर्यंत दारू पूर्ण बंद, आणि गाडी लागणाऱ्यांनी घाटातले प्रवास टाळावेत.

मधुमेह असेल तर हे सांगितल्याशिवाय घरी येऊ नका. खाणं निम्म्यावर आलं आणि गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर खाली दिलेलं प्रोटीनचं प्रमाण तुमच्यासाठी नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

घरात काय आणून ठेवायचं

चांगला मिक्सर आणि त्याचं चटणीचं लहान भांडं. दोन गाळण्या: एक साधी, एक चहाची बारीक. जुन्या मऊ मलमलीचा किंवा धोतराचा स्वच्छ तुकडा. मेडिकलमधून 50 मिलीच्या तीन-चार सिरिंज (सुई नको) आणि पुढे लावायला मऊ रबरी नळीचा तुकडा. सिरिंज आणि नळी एकमेकांना बसते का ते दुकानातच पाहा. हॉटेलात सॉस ठेवतात तसली चोचीची, दाबायची प्लास्टिकची बाटलीही आठवड्याभरानंतर फार कामाची ठरते, कारण ती रुग्ण स्वतःच्या हाताने वापरू शकतो. स्वतःच्या हाताने जेवता येणं ही त्या दिवसांत मोठी गोष्ट असते. लहान मुलांचा अतिमऊ ब्रश, तारा टोचतात तिथे लावायचं दातांचं मेण, आणि वजनकाटा.

पाजायचं कसं

पाठ सरळ, बसूनच. नळीचं टोक गालाच्या आत सरकवून शेवटच्या दाढेच्या मागे न्यायचं. दात घट्ट बांधलेले असले तरी दाढांच्या मागे जागा असते, पातळ तिथून आत उतरतं. एका वेळी 5 ते 10 मिली, गिळून झालं की पुढचं. जोरात दट्ट्या दाबला तर ठसका लागतो, आणि बांधलेल्या तोंडाने खोकणं फार त्रासाचं असतं. पहिल्या आठवड्यात 250 मिली संपायला अर्धा तास लागला तरी घाई करू नका.

अन्न कोमटच हवं. शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बऱ्याचदा बधिर असते, काहींना ते महिनोन्महिने राहतं. गरम लागलं तरी त्याला कळत नाही, ओठ भाजून फोड येतो तेव्हाच दिसतं. पाजणाऱ्याने आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, आणि रात्री डोकं दोन-तीन उशांवर उंच ठेवायचं, त्याने सूजही लवकर उतरते.

पहिला दीड-दोन दिवस फक्त निवळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेली पेज, मीठ-साखरेचं पाणी, मोसंबीचा पाणी घातलेला रस. भूल आणि गिळलेलं रक्त यांमुळे पोट ढवळत असतं, तेव्हा दुधाचा आग्रह नको. काहींना सुरुवातीला नाकातून नळी असते. तेव्हा काय आणि किती द्यायचं ते दवाखाना सांगेल तसंच. पोट स्थिरावलं की मात्र एक दिवसही वाया न घालवता भरीव पातळ आहाराकडे वळा.

किती लागतं

हाड आणि जखम भरून येताना सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे 25 ते 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन धरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1500 ते 1800 कॅलरी आणि 72 ते 90 ग्रॅम प्रोटीन. पाणी, ताक, सार सगळं धरून दिवसाला दोन ते अडीच लिटर. एका वेळी 250 मिलीपेक्षा जास्त जात नाही, म्हणून दर दोन-अडीच तासांनी दिवसातून सात वेळा. भूक लागण्याची वाट पाहू नका, गजर लावा.

स्वयंपाक: पातळ करायचा, पाणचट नाही

कसोटी एकच. पदार्थ चहाच्या गाळणीत ओतल्यावर चमच्याने न दाबता आपोआप खाली उतरला, तर तो तारांमधूनही उतरेल. उतरला नाही तर आणखी वाटा. तरीही घट्ट राहिला तर पाण्याऐवजी दूध, ताक, डाळीचं कढण किंवा नारळाचं दूध घालून सैल करा. साधं पाणी घालणं हा शेवटचा उपाय.

*भारी दूध.* हे सगळ्याचा पाया. एक लिटर दूध कोमट करून त्यातल्या कपभर दुधात 100 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर गुठळी न होता फेटा आणि बाकीच्या दुधात मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. गाईच्या लिटरभर दुधात साधारण 32 ग्रॅम प्रोटीन असतं, पावडरीतून आणखी 35 येतं. पातळपणा तोच राहतो, प्रोटीन दुप्पट होतं. खीर, शेक, सूप, आंबील, जिथे दूध लागेल तिथे हेच वापरा. दूध पचत नसेल तर ताक-दही, सोयाबीनचं दूध आणि डाळी यांवर भर द्या.

*मुगाची खिचडी, वाटून.* 50 ग्रॅम मूगडाळ (अर्ध्या वाटीला थोडी कमी), 20 ग्रॅम तांदूळ, हळद, हिंग, चार कप पाणी. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या. पूर्ण निवल्यावर वाटा. गरम अन्न बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं. मग गाळून दोन चमचे तूप. सुमारे 335 कॅलरी आणि 13 ग्रॅम प्रोटीन. दोन कपांवर झालं तर दोनदा द्या. फोडणी हवीच, त्याशिवाय ते आजाऱ्याचं अन्न वाटतं. पण तुपात जिरं-हिंग तडतडवून ते तूप गाळून घाला. मोहरी, तीळ, खसखस, टोमॅटोची किंवा पेरूची बी, सब्जा, यातलं काहीही तारेत अडकलं की दिवसभर छळतं.

*नाचणी.* नाचणीत 100 ग्रॅममागे 340 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणून ती हवीच. अडचण अशी की पीठ शिजलं की घट्ट होतं आणि सैल करायला पाणी ओतावं लागतं. यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता: मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं द्रव्य तयार होतं, ते पिठातला स्टार्च तोडतं आणि पेज सैल होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोषणतज्ज्ञ तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी यावरच काम केलं होतं. आपल्याला ते असं वापरायचं: नाचणीची, रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची पेज नेहमीसारखी घट्ट शिजवा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळत राहा. काही मिनिटांत डोळ्यांदेखत ती पातळ होते. उकळत्या पेजेत घातलं तर ते द्रव्य मरतं, म्हणून थांबायचं. सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी द्या. एवढ्याशा चमच्याने कपात मावणारं अन्न कितीतरी वाढतं. सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

*दाण्याची आमटी.* उपवासाची आमटी या कामासाठीच जन्माला आल्यासारखी आहे. 30 ग्रॅम भाजून सोललेले दाणे भिजत घाला, शिजवलेल्या 20 ग्रॅम भगरीबरोबर गंधासारखे वाटा, मलमलीतून गाळा, तूप-जिऱ्यावर उकळा. गूळ घाला, पण आमसूल बेताने. आंबट जखमेला झोंबतं. मिरची पहिले दोन आठवडे नाही, नंतर आख्खी घालून काढून टाकायची.

*डाळ्याचं ताक.* पंढरपुरी डाळ्याचं पीठ वस्त्रगाळ करून डबाभर ठेवा. 150 ग्रॅम दह्याच्या दाट ताकात दोन मोठे चमचे पीठ, सैंधव, जिरेपूड. वीज नाही, मिक्सर नाही, घरात कुणी नाही, तरी दोन मिनिटांत होतं. कामावर परतलेल्यांनी हे पीठ पिशवीत ठेवावं.

*अंडं, मासे, कोंबडी.* कच्चं अंडं दुधात फेटून देणाऱ्यांना थांबवा, त्यातून साल्मोनेला या जंतूची बाधा होऊ शकते. पूर्ण उकडलेलं अंडं कोमट सुपाबरोबर वाटलं की मऊसूत मिसळतं. कोंबडी बिनहाडाची, दुधीबरोबर गळेपर्यंत शिजवून वाटायची आणि दोनदा गाळायची. तिचे धागे नळीत अडकतात. किनारपट्टीवर ताजे बोंबील मिळत असतील तर त्यांच्याइतकं मऊ मांस दुसरं नाही, पण काटा काढून, बारीक गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळूनच. पाया सूप “हाड जुळायला” म्हणून घराघरातून येतं. चवीला आणि ऊबेला ते छान असतं, पण त्यातलं प्रोटीन मुख्यतः जिलेटिन असतं आणि ते अपुरं आहे. त्याला जेवणात मोजू नका. त्यातच शिजवलेली मसूर डाळ वाटून घातली तर मोजा.

आठवडा उलटला की गोड दुधाचा वीट येतो. तेव्हा घरात जे शिजलंय तेच वाटून द्या: आमटीत भिजवलेली पोळी, वरणफळं, पालकाची ताकातली भाजी, बिनतिखट पावभाजी, पनीर आणि बटाट्याचं सूप, कुळथाचं पातळ पिठलं. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा. वरण, भाजी, भात एकत्र फिरवलं की रोज एकाच चवीचा राखाडी घोळ होतो. आणि सगळ्यांच्या ताटांबरोबर त्याचाही कप वाढा. समोर लोक चावून खातात याचा त्रास होईल म्हणून त्याला खोलीत एकटं पाजू नका. त्याला काय बरं वाटतं ते त्यालाच पाटीवर लिहून सांगू द्या.

एक दिवस असा

सकाळी साडेसहाला 250 मिली भाऱ्या दुधातली 20 ग्रॅम नाचणी, दोन चमचे साखर. नऊला मुगाची खिचडी. साडेअकराला डाळ्याचं ताक. दीड-दोनला दाण्याची आमटी, एक चमचा तूप घालून. साडेचारला भाऱ्या दुधातलं केळं, बारीक वाटून गाळलेलं. साडेसातला 50 ग्रॅम पनीर घातलेलं भाजीचं सूप, वर तूप. रात्री साडेनऊला 200 मिली भारी दूध, हळद घालून. एकूण 1900 च्या वर कॅलरी आणि 90 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं. गाळण्यात आणि कपाला चिकटून थोडं जातं, ते धरूनही 60 किलोच्या माणसाला पुरतं. मधल्या वेळात पाणी. यातलं निम्मंच जात असेल तर डॉक्टरांना विचारून एक-दोन मापं प्रोटीन पावडर भाऱ्या दुधात घाला, पण जेवणाऐवजी पावडर असं करू नका.

पाहुणे शहाळी आणि फळांचे रस घेऊन येतात. कुणी “काय आणू?” विचारलं तर मोकळेपणाने सांगा: दूध पावडर, पनीर, तूप.

औषधं

शक्य तेवढी सिरपमध्ये किंवा पाण्यात विरघळणारी मागून घ्या. गोळी कुटून द्यायची तर आधी विचारा. वरून लेप असलेल्या किंवा दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर दुधाबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने तोंडाला धातूची चव येते आणि सगळंच बेचव लागतं. कोर्स संपला की चव परतते, हे रुग्णाला आधीच सांगा.

प्रत्येक जेवणानंतर तोंड

पातळ अन्नही तारांवर साचतं आणि दूध फार लवकर आंबतं. प्रत्येक कपानंतर सिरिंजने कोमट मिठाचं पाणी गालाच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचं. टाक्यांच्या जागा सांभाळून मऊ ब्रश, आणि सांगितलं असेल तितक्या वेळा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या. टूथपेस्ट आणि त्या गुळण्या यांच्यात अर्धा तास जाऊ द्या. या औषधाने दात तपकिरी दिसायला लागतात, चहाने जास्त. पुढे दंतवैद्य ते साफ करतात. सिरिंज आणि नळी लगेच साबणाच्या गरम पाण्याने धुऊन वाळवायची, दट्ट्या जड झाला की सिरिंज बदलायची. वाटलेलं अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

काय बिघडू शकतं

बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांना होतं, कारण गाळताना चोथा जातो आणि काही वेदनाशामकांनी आतडी मंदावतात. रात्री भिजवलेले मनुका आणि अंजीर सकाळी त्याच पाण्यात वाटून, बिया गाळून द्या. पिकलेली पपई वाटून द्या, घरात चालणं वाढवा. इसबगोल स्वतःहून सुरू करू नका, ते फुगून नळीत आणि तारांत अडकतं. अँटिबायोटिकने जुलाब लागले तर ताक आणि पेज वाढवा आणि दूध थोडं कमी करा. दिवसात तीन-चारपेक्षा जास्त वेळा झाले तर फोन करा.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, एकाच काट्यावर करून भिंतीवर लिहा. थोडं उतरेलच. पण महिन्याभरात मूळ वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलोंहून जास्त उतरलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सर्जन आणि आहारतज्ज्ञांना दाखवा. गडद लघवी, उठताना चक्कर, ताप, तोंडातून पू किंवा वाढती दुर्गंधी, थांबत नसलेलं रक्त, तुटलेली किंवा सैल झालेली तार, यांसाठी त्याच दिवशी.

तारा काढल्यावर

त्या दिवशी भाकरी-ठेचा मिळणार नाही, हे आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. इतके दिवस बांधलेलं तोंड एक-दोन बोटांपुरतंच उघडतं आणि स्नायू थकलेले असतात. सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात, ते रोज ठरलेल्या वेळी करायचे. खाण्यात आधी खिमट, तूप-मीठ घातलेला गुरगुट्या भात, सांबारात भिजलेली इडली, मऊ शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. मग उकडलेल्या भाज्या, अंड्याची भुर्जी, मऊ मासा. भाकरी, चिक्की, ऊस, सुकं खोबरं, आख्खं सफरचंद दातांनी तोडणं, हे सगळं सर्जन एक्स-रे पाहून परवानगी देतील तेव्हाच. या मधल्या काळातही दिवसाचे दोन कप भारी दूध आणि एक वाटलेली खिचडी चालू ठेवा, कारण मऊ अन्न सुरू झालं तरी सुरुवातीला चार घासांतच जबडा दमतो आणि ताट अर्धं राहतं.